प्रचारप्रमुखाची दक्षिणा

भांडुप, ११ मार्च १९८५

मास्तर,

नमस्कार. तुमच्या रात्रशाळेतून अकरावी पास होऊन सतरा वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायला बसलो की अजून वाटतं, लाल शाई होऊन परत येणार.

कामाचं बोलतो. महापालिकेच्या निवडणुका लागल्यात. आमच्या वॉर्डात भाऊराव उभा आहे. गिरणीत तो आणि मी शेजारशेजारच्या साच्यांवर होतो. पंधरा वर्षं त्याच्या आणि त्याच्या आधीच्यांच्या निवडणुका मी काढल्या. कचेरी मी उघडायची, पोरांच्या तुकड्या मी पाडायच्या, मतदानाला कोण आलं, कोण नाही ते मी बघायचं. सगळं फुकट. चहा आणि वडापाव. पगार गिरणी देत होती, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही. आता गिरणीचं दार बंद होऊन तीन वर्षं झाली. कधी गोडाऊनवर राखण, कधी लग्नात वाढपी. पाय दुखतात, दुसरं काय.

तर घाटकोपरहून रतनभाई म्हणून एक लोखंडी सामानाचे व्यापारी येऊन गेले. अपक्ष उभे आहेत. कुणीतरी माझं नाव सांगितलं. म्हणाले, माझे प्रचारप्रमुख व्हा, पैशाचं तुम्हीच बोला. रविवारी जायचं आहे. मी काय बोलू? आयुष्यात या कामाचा आकडा मी उच्चारलेला नाही. तुमचे विद्यार्थी सगळ्या उपनगरांत पसरलेत. प्रचारप्रमुखाला कुठे काय देतात, जरा विचारून कळवा.

घरी बायकोने, शेवंतीने, सांगून ठेवलंय, मे अखेर वर्षभराची सोय दिसली नाही तर खोली विकायची आणि कुडाळला जायचं. शेजारचे नाना गिऱ्हाईक घेऊन तयारच आहेत. एकदा खोली गेली की मुंबई गेली, मास्तर. जूनपासून पोरीचं, सुलक्षणाचं, दहावीचं वर्ष आहे.

तुमचा,
दत्ताराम

विलेपार्ले, १५ मार्च १९८५

प्रिय दत्ताराम,

तुझ्या पत्रात सात चुका सापडल्या. पूर्वी सतरा असत. म्हणजे लोकशाहीने तुझा अगदीच काही फायदा केलेला नाही असं नाही.

काल वर्गात विभक्ती बाजूला ठेवून तुझा प्रश्न घातला. पंचवीस वर्षांत एवढे हात वर झालेले मी पाहिले नव्हते. निम्मा वर्ग कुठल्या ना कुठल्या उमेदवाराच्या भिंती रंगवतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्यातून हाती आलेलं ज्ञान असं.

बोरिवलीत संपूर्ण निवडणुकीचे दीड हजार, मतदानापर्यंत फिरवायला स्कूटर आणि फ्लॅटच्या किमतीत सवलत. इमारत अजून बांधायची आहे, तेव्हा सवलत अमर्याद. अंधेरीत रोजावर, चाळीस रुपये आणि दोन वेळचं जेवण. तिथे एका उमेदवाराला दोन प्रमुख असतात आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. मुलुंडला दोन हजार, पण शेवटचा हप्ता निकालानंतर. हरलेला उमेदवार कुठे राहतो हे मग कुणालाच आठवत नाही. घाटकोपर मात्र चोख: तीन हजार, निम्मे कामाला हात लावण्याआधी, निम्मे मतदानाच्या आदल्या दिवशी. निकालाशी संबंध नाही. व्यापारी वस्ती, माल घ्यायचा तर पैसे द्यायचे, हे त्यांना शिकवावं लागत नाही. भांडुपचा दर तुझ्याकडूनच कळला. आणि आमच्या पार्ल्यात प्रचारप्रमुखाला शाल, श्रीफळ आणि निःस्वार्थ हे विशेषण मिळतं. मागणाऱ्याला इथे भाडोत्री म्हणतात. न मागणाऱ्याला पुढच्या वेळी परत बोलावतात.

आता माझा सल्ला. तू आकडा सांगू नकोस. दक्षिणा कधी ठरवून घेत नाहीत. जो ठरवतो त्याला तेवढीच मिळते. जो देणाऱ्यावर सोडतो त्याला देणाऱ्याची लाजही मिळते. रतनभाईंना घाटकोपरचा भाव पाठ आहे. तीन हजारांखाली देताना त्यांचाच हात अडखळेल. तू फक्त म्हण, 'आपण द्याल ते.' तीन शब्दांत काम होत असेल तर चौथा बोलू नये, असं मी मुलांना सांगतो. ते ऐकत नाहीत. तू ऐक.

सुलक्षणाला आशीर्वाद.

तुझा,
विद्याधर

भांडुप, २४ मार्च १९८५

मास्तर,

तुम्ही सांगितलं तसं केलं.

रतनभाई पेढीवर बसले होते. म्हणाले, "दत्तारामभाई, तुमचं काय ते बोलून टाका. मग भानगड नको."

मी म्हटलं, "आपण द्याल ते."

 ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अरे, असा माणूस आजकाल भेटतो कुठे!" पेढीवरच्या चारपाच जणांना हाका मारून दाखवलं मला. चहात इलायची होती.

घरी येऊन शेवंतीला सांगितलं. तुमचं पत्र तिने आधीच वाचलं होतं. आमच्याकडे पत्र आलं की पहिलं तीच फोडते. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या मास्तराक दर म्हयन्याक पगार गावता. मगे तो खुशाल दक्षिणा म्हणतलो." राग मानू नका.

भाऊराव येऊन गेला. दारातूनच ओरडला, "काय रे, घाटकोपरला विकलास काय स्वतःला?" मी म्हटलं, "विकायला भाव ठरावा लागतो, तो अजून ठरलेला नाही." तो काही हसला नाही. मग म्हणाला, वह्या तरी दे. माझ्या पाच वह्या तुम्हाला माहीत आहेत. आमच्या वॉर्डातलं घरन् घर आहे त्यांत. कोण वारलं, कोण गावाला असतं, कुणाला तिकिटाचे पैसे आधी पाठवले तर तो मतदानाला येतो, कोण कुठल्या नळावरून कुणावर रुसलाय. म्हटलं, वह्या देणार नाही. नाही म्हणायला माझ्याकडे एवढंच होतं, तेवढं म्हणून घेतलं.

घाटकोपरला मात्र त्या वह्यांचा उपयोग नाही. तिथे मी कुणाला ओळखत नाही.

दत्ताराम

भांडुप, ३१ मार्च १९८५

मास्तरांना शेवंतीचा नमस्कार.

मी सातवीपर्यंत शिकले आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. हे पत्र ह्यांना कळू देऊ नका.

भाऊराव पुन्हा आला होता. हे घाटकोपरला गेलेले. म्हणाला, वहिनी, वह्या द्या, निवडणूक बुडाली माझी, पोरं नुसती जीपमधून ओरडत फिरतात. मी म्हटलं, वह्या घराबाहेर जाणार नाहीत. जायच्या तर माझ्याबरोबर जातील. तो म्हणाला, म्हणजे? मी म्हटलं, म्हणजे मी येऊन बसते तुमच्या कचेरीत. पंधरा वर्षं ह्या वह्या ह्यांनी सांगितल्या आणि मी लिहिल्या. अक्षर माझं आहे.

तो हसला. मग मी म्हटलं, बाराशे रुपये, निम्मे आधी. तुमच्या पत्रात घाटकोपरचं निम्मे आधी वाचलं होतं, ते मला पटलं. तो म्हणाला, वहिनी, घरच्या माणसाकडून कुणी पैसे घेतं का? मी म्हटलं, घरच्या माणसाने तीन वर्षांत एकदा विचारलं का, चूल पेटते का म्हणून? तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या कचेरीतल्या पोराने, धोंडिरामने, सहाशे आणून दिले.

हे सकाळी सातला जातात, रात्री येतात. त्यांना वाटतं मी मसाल्याच्या कारखान्यात जाते. मी चुकले का ते सांगा. आणि उरलेल्या सहाशेसाठी दोन ओळींचा कागद लिहून द्या, भाऊरावची सही घेते. त्यात दक्षिणा लिहू नका.

शेवंती

विलेपार्ले, ३ एप्रिल १९८५

शेवंतीवहिनी,

सोबत कागद पाठवतो आहे. दोन ओळी मागितल्यात, तीन झाल्या; संस्कृतच्या शिक्षकाकडून एवढी काटकसर पुष्कळ झाली. उरलेली रक्कम मतदानाच्या आदल्या दिवशी आणि निकालाशी संबंध नाही, असं स्पष्ट घातलं आहे.

तुम्ही चुकलात का, हे मला विचारता. ज्याच्या सल्ल्याने तुमच्या घरी दोन दिवस अबोला झाला, त्याला हे विचारणं म्हणजे तुमचं मोठेपण. माझ्या मते नाही चुकलात. दत्तारामला मी काही कळवणार नाही. पण तुम्ही सांगा त्याला. बाहेरून कळलेली गोष्ट फार मोठी होऊन घरात येते.

विद्याधर

भांडुप, ९ एप्रिल १९८५

मास्तर,

थकलो. घाटकोपरचं काम आपल्याकडच्यासारखं नाही. आमच्याकडे चाळीत एक दार उघडलं की सगळी उघडतात. इथे खाली वॉचमन विचारतो, कुणाकडे? मी म्हणतो, सगळ्यांकडे. तो म्हणतो, सगळे झोपलेत. दुपारी एक ते चार पूर्ण घाटकोपर झोपतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं, पत्रक घेतलं आणि रद्दीचा तराजू आणलाय का म्हणाली.

मी रतनभाईंना म्हटलं, शनिवारी चौकात भजन ठेवू, बायका जमतील. भांडुपला हे हमखास चालतं. ठेवलं. आठ माणसं आली, त्यातले पाच भजनीच.  रतनभाईंच्या चहात आता इलायची नसते.

एक गोष्ट बरी झाली. शेवंतीचा राग गेलेला दिसतो. माझ्या कामात रस घेते. परवा जेवताना विचारत होती, मतदाराच्या चिठ्ठ्या आडनावाप्रमाणे लावायच्या की गल्लीप्रमाणे? मी म्हटलं, गल्लीप्रमाणे, आणि म्हाताऱ्यांच्या वेगळ्या काढायच्या, त्यांना सकाळी उन्हाआधी न्यायचं. तिने अगदी लक्ष देऊन ऐकलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माझं एवढं कुणी ऐकलं नव्हतं. मसाल्याच्या कारखान्यात मात्र तिला फार राबवतात. गळा बसलाय तिचा.

दत्ताराम

विलेपार्ले, १२ एप्रिल १९८५

प्रिय दत्ताराम,

घाटकोपरची वामकुक्षी ही माहिती मला नवीन. आमच्या पार्ल्यातही दुपारी झोपतात, पण कबूल करत नाहीत.

बसलेल्या गळ्यावर ज्येष्ठमध चांगला. मसाल्याच्या कारखान्याबद्दल मला काही ठाऊक नाही. शेवंतीवहिनी ऐकतात तर सांगत जा, आणि त्या काही सांगू लागल्या तर तूही ऐक. मध्ये बोलू नकोस. एवढंच.

इकडे मी एका उमेदवाराचा जाहीरनामा शुद्ध करून दिला. मूळ मजकुरात आश्वासनं कमी आणि चुका जास्त होत्या. मी चुका कमी केल्या. मानधनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मतदान होईपर्यंत तुला आता वेळ नसेल. निकाल लागला की लिही.

विद्याधर

भांडुप, ३० एप्रिल १९८५

विद्याधर मास्तर यांस,

रतनभाई हरले. चौथे आले. दुसऱ्या दिवशी पेढीवर बोलावलं. शाल घातली, नारळ दिला, आणि पाकीट दिलं. म्हणाले, "दत्तारामभाई, तुम्ही पैशासाठी काम करणारे नाही, ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं." पाकिटात दोनशे एक्कावन्न होते. दीड महिन्याचे.  काय बोलणार? 'आपण द्याल ते' असं मीच म्हटलं होतं. त्यांचा हात काही अडखळला नाही, मास्तर.

स्टेशनवरून चालत येतो तर भाऊरावची मिरवणूक. तो जिंकला, दोनशे बारा मतांनी. ट्रकवर भाऊराव, आणि त्याच्या शेजारी गळ्यात हार घातलेली शेवंती. मी शाल पिशवीत कोंबली आणि नळाच्या भिंतीआड उभा राहिलो. दोन पोरी बोलत होत्या, दत्तारामच्या बायकोने काढली निवडणूक. मी इतकी वर्षं काढल्या, तेव्हा हार उमेदवारालाच असायचा.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. बाराशे रुपये पुढे ठेवले. त्याखाली कागद होता. तुमचं अक्षर मी ओळखणार नाही? मला दक्षिणा आणि तिला करार? मला म्हणालात आकडा सांगू नको, आणि तिला तीन ओळींत घालून दिलात? वर ज्येष्ठमध!

मी नानांना निरोप दिलाय. रविवारी, पाच तारखेला, गिऱ्हाईक घेऊन या. बाराशेत वर्ष निघत नाही. आणि निघालं तरी ज्या गल्लीत माझी बायको ट्रकवरून आणि मी भिंतीआडून गेलो, तिथे मला राहायचं नाही.

दत्ताराम

विलेपार्ले, २ मे १९८५

प्रिय दत्ताराम,

तुझ्या पत्रात आज एकही चूक नाही. रागात माणूस शुद्ध लिहितो.

तू म्हणतोस ते सगळं खरं. विनोद करून सुटायची मला सवय आहे. आज करत नाही. तुला सल्ला दिला तो कुठल्या शास्त्रातला नव्हता. दर पहिल्या तारखेला ज्याचा पगार होतो, त्या माणसाची ती रीत होती, आणि मी ती तुला शहाणपण म्हणून दिली. वहिनींनी ते भाकरी थापता थापता ओळखलं. मग मी तोंड मिटून घेतलं, कारण त्यांना कागद लिहून देणं म्हणजे तुला दिलेला सल्ला खोडणं होतं. स्वतःचं खोडायला मला जमत नाही. लाल शाई मी नेहमी दुसऱ्याच्या वहीत वापरली.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. रात्रशाळेचं मुख्याध्यापकपद आपल्याकडे आपोआप येईल म्हणून मी अकरा वर्षं गप्प बसलो. मागायचं नाही, हा माझा अभिमान होता. गेल्या जूनमध्ये माझ्याहून नऊ वर्षांनी लहान माणसाने जाऊन ते मागितलं, आणि त्याला मिळालं. संस्थेचे चिटणीस मला म्हणाले, "अहो, तुम्हाला हवं होतं? बोलला नाहीत कधी!" याला मी वर्षभर घरी संयम म्हणतो आहे. नीला, माझी बायको, काही म्हणत नाही. तिचा शब्द वेगळा असावा.

एक विचारतो. तुला लागलं ते कशाचं? वहिनींनी निवडणूक जिंकल्याचं, की त्यांनी आकडा सांगितला आणि समोरच्याने तो दिला, याचं? दुसरं असेल तर त्यात तुझा अपमान कुठे आहे? ते काम तुझंच होतं. कुणीतरी पहिल्यांदा त्याला किंमत लावली, एवढंच.

राग माझ्यावर काढ, पुष्कळ दिवस काढ. खोलीवर काढू नकोस.

विद्याधर

भांडुप, ७ मे १९८५

मास्तर,

तुमचं पत्र शनिवारी आलं. शेवंतीने फोडलं, वाचलं आणि माझ्या ताटाजवळ ठेवलं.

रविवारी नाना गिऱ्हाईक घेऊन आले. जोगेश्वरीचा कुणी शिंपी, बायकोला घेऊन आला होता. बायको भिंतींना हात लावून बघत होती, ओल आहे का म्हणून. इसाराचे पाचशे एक रुपये हातात काढून तो खाटेवर बसला. मी हो म्हणायच्या तयारीतच होतो. रागाने नाही. तुमच्यावरचा राग रात्रीतच संपला. राग धरून ठेवायलाही ताकद लागते. नुसता कंटाळा आला होता.

तेवढ्यात दारात एक गृहस्थ. सफारी, हातात कातडी पिशवी. "शेवंतीबाई इथेच राहतात का?" मुलुंडच्या एका पतपेढीची निवडणूक आहे पुढच्या महिन्यात. ह्यांचं पॅनेल उभं आहे. भाऊरावने पाठवलं म्हणाले.

शेवंती हात पुसत बाहेर आली. बसा नाही, काही नाही. "सभासद किती?"

"नऊशे चाळीस."

"दिवस?"

"बावीस."

"आठशे रुपये. निम्मे आज."

त्या गृहस्थांनी मान डोलावली. मला वाटलं झालं. पण ती थांबलीच नाही. "हे माझे. ह्यांचे वेगळे. हजार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बनियनवर होतो, मास्तर. "हे काय करतात?"

शेवंती म्हणाली, "मी वीस दिवस जे केलं ना, ते ह्यांनी पंधरा वर्षं केलंय. नऊशे चाळीस घरांत जायचं तर मी एकटी पुरणार नाही. हवं असेल तर दोघं येतो, नाहीतर कुणीच नाही."

मी खाली बघत होतो. आता हा हसणार, असं वाटलं. हसला नाही. म्हणाला, "बरं. हजार. पावती द्याल का?" आणि पिशवी उघडून नोटा मोजायला लागला. नऊशे.

अठराशेत वर्ष निघत नाही, मला हिशेब कळतो. पावसाळा निघेल. सुलक्षणाची फी निघेल. पुढचं पुढे. पण माझ्या तोंडादेखत माझा भाव कुणी सांगितला आणि समोरच्याने तो ऐकून घेतला, असं या जन्मात पहिल्यांदा झालं. मला तिथे बसवेना. आत गेलो आणि स्टोव्हला पंप मारत बसलो. पाण्यात साखर दोनदा घातली.

सहा कप घेऊन बाहेर आलो. सफारीवाले पावतीवर माझी सही घ्यायला थांबले होते. नाना गिऱ्हाइकाशेजारी तसेच बसलेले. म्हणाले, "दत्ताराम, मग आपलं काय?"

म्हटलं, "चहा घ्या आणि या, नाना."

तुमचा,
दत्ताराम